शनिवारच्या देशात साखर सोडताना

गॉथेनबर्गच्या आरोग्यकेंद्रातून रक्ततपासणीचा निकाल आला : एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ४३. आपल्याकडे हा आकडा टक्क्यांत सांगतात आणि साडेसहाला मधुमेह, हे घरोघरी पाठ असतं. ४३ टक्के असते तर हे लिहायला मी उरले नसते. स्वीडनमध्ये हे माप मिलिमोल प्रति मोलमध्ये देतात. ४२ म्हणजे आपले ६.०, ४८ म्हणजे ६.५. माझे ४३ म्हणजे साधारण ६.१, अगदी उंबरठ्यावर. उपाशीपोटीची साखरही इथे मिलिमोलमध्येच असते, तिला १८ ने गुणलं की ओळखीचा आकडा मिळतो. परदेशातल्या मुलांचे रिपोर्ट फोनवर ऐकणाऱ्या आईबाबांनी हा गुणाकार कुठेतरी लिहून ठेवावा.

डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली नाही. वजन थोडं उतरवा, चाला, साखर बंद करा आणि पिष्टमय पदार्थ कमी करा, एवढंच सांगितलं. दक्षिण आशियाई माणसाला बारीक अंगकाठीतही मधुमेह गाठतो, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. ‘मी काही जाड नाही’ हे माझं वाक्य त्यामुळे तोंडातच राहिलं.

आता साखर सोडायची, आणि तीही कुठे, तर स्वीडनमध्ये. इथलं कॅलेंडर गोडाने भरलेलं आहे. ४ ऑक्टोबरला दालचिनीच्या बनचा दिवस, २५ मार्चला वॉफलचा, डिसेंबरात लुसियाच्या सणाला केशराचे बन, ख्रिश्चनांच्या लेंटच्या उपवासाआधीच्या मंगळवारी मलई आणि बदामाने भरलेला सेमला नावाचा बन. त्यात आमच्या गॉथेनबर्गचं वेगळंच. हे शहर वसवणारा राजा गुस्ताव दुसरा आडॉल्फ १६३२ साली ६ नोव्हेंबरला लढाईत पडला, म्हणून त्या दिवशी त्याच्या चेहऱ्याची चॉकलेटी चकती लावलेला केक खायचा. राजाच्या पुण्यतिथीला केक!

रोजचं वेगळं. ऑफिसात सकाळी आणि दुपारी फिका असतो, म्हणजे सगळ्यांनी उठून एकत्र कॉफी घ्यायची आणि सोबत काहीतरी भाजलेलं. इथे ज्याचा वाढदिवस तोच केक आणतो. आमच्या विभागात माणसं भरपूर, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. चॉकलेटचा मला मोह नाही, पण वेलचीच्या बनचं काय करू? कुटलेली वेलची, लोणी आणि ओव्हन असा वास मजल्यावर पसरला की मन थेट श्रीखंडाच्या पातेल्यापाशी जातं.

मग येतो शनिवार. सुपरमार्केटात एक अख्खी भिंत पारदर्शक डब्यांची असते : जेली, टॉफ्या, खारट काळं लिकोरिस. छोट्या फावड्याने कागदी पिशवी भरायची आणि वजनावर पैसे द्यायचे. पण मुलांनी हे खायचं फक्त शनिवारी, असा घराघरात दंडक. बुधवारी हट्ट करणाऱ्या मुलाला आई शांतपणे सांगते, ‘शनिवारी.’ मूल तेवढ्यावर गप्प होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता.

या गोंडस प्रथेमागची हकीकत मात्र काळी आहे. लुंडजवळच्या विपेहोल्म इथे मतिमंदांसाठी सरकारी रुग्णालय होतं. दात का किडतात हे तपासण्यासाठी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या रुग्णांना मुद्दाम चिकट बनवलेल्या टॉफ्या खायला घातल्या गेल्या. त्यांची संमती घेण्याचा प्रश्न कुणाला पडलाच नाही. कित्येकांचे दात पार गेले. या प्रयोगासाठी साखर आणि मिठाई उद्योगाचाही पैसा होता. निष्कर्ष असा निघाला की किती साखर खाल्ली यापेक्षा ती कितीदा आणि किती चिकट रूपात खाल्ली, हे जास्त घातक. जेवणात खाल्लेली साखर दातांना तेवढी लागत नाही, दिवसभर चघळलेली लागते. त्यावरून पुढे सल्ला आला की गोळ्या खायच्याच तर आठवड्यातून एकदा खा. आज शनिवारी पिशवी भरणाऱ्या पोरांच्या आईबापांपैकी किती जणांना हे माहीत असतं, देव जाणे.

उघडी साखर सोडणं मला फारसं जड गेलं नाही. चहात साखर नको म्हटलं, सुरुवातीला चहा कडू लागला, मग सवय झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. ५ टक्के म्हणजे जेमतेम २५ ग्रॅम, सहा चमचे. आपल्या घरच्या तीन कप चहातच तो कोटा संपतो, बिस्किटं वेगळी.

खरी लपवाछपवी खारट पदार्थांत असते. स्वीडिश पाव चावा, गोडसर लागतो, कारण बऱ्याच पावांत काकवीसारखं सिरप असतं. मीटबॉलबरोबर लिंगनबेरीचा जॅम. आणि हेरिंग मासा! मी कोकणातली, मासे म्हटल्यावर मला वाटलं इथे तरी आपण सुरक्षित. नाताळाला आणि मिडसमरच्या सणाला जो हेरिंग बरणीतून काढून खातात, त्याच्या पाण्याचं प्रमाण इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं : १-२-३. एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. त्यात कांदा, गाजर, मिरे, तेजपान टाकून मासा मुरवायचा. एका सहकारिणीच्या स्वयंपाकघरात मी हे होताना पाहिलं. तिने मापाच्या भांड्याने साखर ओतली, मग पुन्हा तेवढीच ओतली. मला वाटलं बाई माशांसाठी पाक करतेय.

तेव्हापासून पाकीट उलटून वाचायची सवय लागली. युरोपात प्रत्येक पाकिटावर १०० ग्रॅममागे किती कार्बोहायड्रेट आणि त्यातली साखर किती, हे छापावंच लागतं, आणि तो कार्बचा आकडा तंतू वगळून असतो. त्यामुळे दोन डबे शेजारी धरून तुलना करता येते. फळांचं चित्र असलेलं दही आणि साधं दही एकदा असं शेजारी धरून बघाच.

पण साखर हा सोपा भाग होता. मोठं भांडण भाताशी. आईला फोनवर सांगितलं, तर तिचं सुरू झालं.

‘अगं, साखर नको तर गूळ घाल.’

‘आई, गूळ म्हणजे पण साखरच.’

‘बरं, पोळी नको तर भाकरी खा. ज्वारी चालते सगळ्या डायबेटिसवाल्यांना.’

इथे माझी पंचाईत होते, कारण ती अगदीच चूक नाही. भाकरीत तंतू बरे असतात, ती सावकाश पचते, पोट भरलेलं राहतं. पण कार्ब मोजायचेच म्हटले तर ज्वारीचं पीठ काय नि गव्हाचं काय, १०० ग्रॅममागे ७० ग्रॅमच्या आसपासच. शिजवलेल्या भातात २८ च्या आसपास, पण भात कुणी १०० ग्रॅम वाढून घेतो का? साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. एकादशीची खिचडी ‘हलकं खाल्लं’ म्हणून खाणाऱ्या आपल्या अख्ख्या समाजाला हे सांगायची माझी हिंमत नाही. आईलाही मी अजून सांगितलेलं नाही.

मी भात पूर्ण सोडला नाही, दुपारी एक लहान वाटी ठेवली आणि रात्री बंद. पोळ्या गेल्या. वरण राहिलं, पण वाटीने. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, जिना चढताना पाय जड झाले. कार्ब कमी झाले की शरीरातला ग्लायकोजनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा उतरतो आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी जातं, मीठही जातं. सुरुवातीला वजनकाटा खाली येतो तो बराचसा या पाण्यामुळे, तेव्हा लगेच पेढे वाटू नयेत. शिवाय पेढे वाटून कसं चालेल! मला इथल्या आंबूस दुधाचा, फिल्म्योल्कचा, आधार झाला. पाणी, मीठ आणि जिरेपूड घालून घुसळलं की चांगलं ताक होतं.

मासा मात्र इथे पैसे वसूल करून देतो. गॉथेनबर्गचा जुना मासळीबाजार, फेस्केशोर्का, १८७४ सालचा आहे आणि दिसतो हुबेहूब चर्चसारखा. उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर ताजा मॅकरेल येतो, आपल्या बांगड्याचा मोठा, जास्त तेलकट भाऊ. घरून आणलेली तिरफळं ठेचून त्याचं तिखलं केलं, सोबत परतलेली कोबी. भाताची आठवण आली, खोटं का बोला. तिखल्याचा रस कोबीबरोबर खाणं ही काही आनंदाची गोष्ट नाही. फ्लॉवरचा किसलेला ‘भात’ इथे गोठवलेल्या पाकिटात मिळतो. तो तुपावर नीट कोरडा परतला, तर रस शोषून घेतो आणि निभावतो.

आणखी एक गंमत. बदामाच्या पिठाची कमी कार्बची पोळी करायची तर ती बांधून ठेवायला काहीतरी लागतं. इथे बेकिंगच्या फळीवर त्यासाठी एक महागडा डबा मिळतो. उघडला तर आत इसबगोल! आमचे आजोबा रात्री कोमट पाण्यातून घ्यायचे तेच. जगाला सगळ्यात जास्त इसबगोल भारत पुरवतो, त्यातलाही मोठा वाटा गुजरात-राजस्थानचा. गुजरातेतल्या उंझ्याहून निघून गॉथेनबर्गला माझ्या कणकेत आलेला बघून बरं वाटलं.

कमी कार्बचं खूळ इथे नवं नाही. आनिका दालक्विस्त नावाच्या डॉक्टरीणबाई रुग्णांना कार्ब कमी करा आणि लोणी-मलई खा असं सांगत. दोन आहारतज्ज्ञांनी त्यांची तक्रार केली. २००८ साली सरकारी आरोग्य मंडळाने त्यांना दोषमुक्त केलं आणि देशभर लोण्याची चलती झाली. शेजारच्या नॉर्वेत २०११ च्या डिसेंबरात दुकानांतलं लोणीच संपलं. पावसाळी उन्हाळ्याने दूध घटलं होतं आणि त्यात या आहाराने मागणी वाढवली. २०१३ साली एसबीयू या सरकारी संस्थेने लठ्ठपणावरच्या आहारांचे अभ्यास तपासले : पहिल्या सहा महिन्यांत कमी कार्बने वजन जास्त उतरतं, वर्षाने मात्र बाकीच्या आहारांच्या तुलनेत फरक उरत नाही. माझ्या मते यातला पहिला अर्धा भाग सगळे व्हॉट्सॲपवर पाठवतात, दुसरा कुणी पाठवत नाही. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडूच नका. साखर एकदम खाली जाऊ शकते, काही गोळ्यांत तर वेगळेच धोके असतात.

माझं निभावलं त्याला एक कारण आहे, जे कुठल्याच आहारतज्ज्ञाने सांगितलं नाही. इथे कुणी आग्रह करत नाही. फिकाला बन नको म्हटलं की ‘अच्छा’ म्हणून थाळी पुढे सरकते. का नको, कधीपासून, बरं नाही का, काही विचारणं नाही. उलट ताटलीतला शेवटचा बन घ्यायलाही लोक लाजतात, अर्धा कापतात, मग उरलेल्याचा अर्धा कापतात. पहिल्या वर्षी हा अलिप्तपणा मला बोचायचा. घरी बोलावून एकदाच ‘घे’ म्हणणं, हे काय वागणं? आता त्याच थंडपणामुळे माझा एचबीए१सी ३९ वर आला आहे.

आपल्याकडे गोड हे वेळेशी नाही, माणसांशी बांधलेलं असतं. नको म्हटलं की पदार्थाला नाही, वाढणाऱ्याला नको म्हटल्यासारखं होतं. मावशीने हातावर ठेवलेल्या लाडवाला पाकिटामागचा तक्ता नसतो.

गणपतीला घरी जाणार आहे. आईशी फोनवर तह चालू आहे. मोदक खायचे, वर तूप घ्यायचं, त्या दिवशी भात नाही, चहा बिनसाखरेचा, आणि ‘बारीक झालीस’ असं कुणी म्हटलं तर आईने मध्ये पडून विषय बदलायचा. एवढं सगळं तिने मान्य केलं. मोदकांच्या आकड्यावर घोडं अडलंय. ती पाचाच्या खाली यायला तयार नाही, मी दोनावर आहे. बाबा म्हणतात, तिनावर मिटेल, पण ते स्वतः किती खाणार ते आधी सांगा म्हटलं तर लाइन कट झाली.