आय सेव्हन, आय थ्री आणि अडखळणारं व्हीएमसी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या मालकांनी, आमच्या काकांनी, दोन तक्रारी एका दमात सांगितल्या. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टूलपाथ, म्हणजे कापणाऱ्या टूलने कुठून कसं फिरायचं तो मार्ग, निघायला तास-दीड तास जातो, आणि निघालेला प्रोग्रॅम व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, लावला की मशीन अडखळत चालतं. दोन्हीवर त्यांच्या मनात इलाज एकच होता, नवा कॉम्प्युटर. कोणता घ्यायचा, तेवढं मी सांगायचं.

जुन्या कॉम्प्युटरात कोअर टू ड्युओ ई७५०० हा प्रोसेसर होता, २००९ सालचा. त्याच्या जागी घेण्यासाठी दोन पर्याय होते. एक, विक्रेत्याने स्वस्तात देऊ केलेला वापरलेला आय सेव्हन २६००. दुसरा, मी सुचवलेला कोरा आय थ्री १२१००. काका पहिल्याकडे झुकले होते. "सात ते सातच की ओ. पैसे देऊन तीन कशाला घेऊ?"

हा प्रश्न माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात रोज येतो, आणि विचारणाऱ्याला मी कधी दोष देत नाही. स्टिकरवर मोठ्या अक्षरात तेवढंच लिहिलेलं असतं. पण तीन, पाच, सात हा मान त्या-त्या पिढीपुरता. २६०० हा दुसऱ्या पिढीतला, जानेवारी २०११ चा. १२१०० बाराव्या पिढीतला, जानेवारी २०२२ चा. मधे अकरा वर्षं गेली. कागद बघून मात्र हे कळत नाही. दोघांनाही ४ कोअर (काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी चालवता येणारी कामं). मूळ वेग जुन्याचा ३.४ गिगाहर्ट्झ आणि नव्याचा ३.३, म्हणजे जुनाच थोडा पुढे दिसतो. म्हणून मी म्हटलं, "काका, वाद नको. दोन्ही आणतो. तुमच्याच फाइलवर घड्याळ लावून बघूया."

दोन्ही मशीन ऑफिसात शेजारी-शेजारी लावली. रॅम दोन्हीत १६ जीबी आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, सारखी, हे मी मुद्दाम जुळवून नेलं होतं. विक्रेत्याने आय सेव्हन चालू करून दाखवलं तेव्हा विंडोज झटकन उघडलं होतं, आणि काका त्यावरच खूश होते. ती करामत एसएसडीची. कोअर टू ड्युओला एसएसडी लावली तरी तोही झटकन उघडेल. चाचणीत डिस्क वेगळी ठेवली तर आपण प्रोसेसर मोजतच नाही, आणि लोक नेमके इथे फसतात.

फाइल होती पंपाच्या केसिंगच्या अ‍ॅल्युमिनियम पॅटर्नची, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा घेतात त्या नमुन्याची. कॅमचं, म्हणजे टूलपाथ काढायच्या सॉफ्टवेअरचं, काम काकांची मुलगी बघते. मेकॅनिकल करून घरच्याच धंद्यात आलेली, हाताला वळण असलेली मुलगी. तिने दोन्हीवर तेच फिनिशिंगचं ऑपरेशन लावलं आणि एकदम कॅल्क्युलेट दाबलं. मी टास्क मॅनेजर, म्हणजे प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून काकांना जवळ बोलावलं.

आय सेव्हनवर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १३ टक्के दाखवत होता.

"तेराच टक्के? म्हणजे बाकीची ताकद नुसती पडून हाय नव्हं?"

त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच. मी आलेख बदलून आठ थ्रेडच्या आठ चौकटी लावल्या. काम कधी या चौकटीत, कधी त्या चौकटीत दिसायचं, पण सगळं मिळून भरायची एकाच चौकटीएवढी जागा. शंभराचा आठवा भाग साडेबारा, तोच हा १३ चा आकडा. या सॉफ्टवेअरचं हे ऑपरेशन एका मागोमाग एक पायरीनेच चालतं, पुढची पायरी मागचीच्या उत्तरावर अवलंबून असते. तिथे बाकीचे सात थ्रेड रिकामेच बसणार. मग एकटा कोअर किती दमदार आहे, एवढ्यावरच सगळं येतं.

आय थ्रीचं काम नऊ मिनिटांच्या आत उरकलं. आय सेव्हनला वीसच्या आसपास लागली. काका काही न बोलता पुन्हा दोन्ही स्टिकर बघून आले.

मग मी कारण सांगितलं. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात ते. एका ठोक्यात काम किती होतं, ते त्यातून कळत नाही. २६०० चा कोअर एका ठोक्याला चार सूचना उलगडतो, १२१०० चा सहा. पुढच्या सूचना आधीच हाताशी घेऊन, ज्या तयार असतील त्या आधी उरकायच्या, यासाठी जुन्याकडे १६८ जागा आहेत, नव्याकडे ५१२. प्रत्येक कोअरच्या जवळची दुसरी कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी मेमरी, जुन्यात २५६ केबी, नव्यात सव्वा एमबी, त्यामुळे रॅमपर्यंतचे हेलपाटे कमी होतात. वर टर्बोचा, म्हणजे गरज पडली की चढणारा, वेग ३.८ विरुद्ध ४.३. काकांनी ऐकून घेतलं आणि आपल्या भाषेत बसवलं, "म्हणजे लॅडलने फेऱ्या किती मारल्या ते बघायचं नाही, एका फेरीत किती बॉक्स भरले ते बघायचं." लॅडल म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं, बॉक्स म्हणजे साचे. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. गिगाहर्ट्झचा हा चकवा जुनाच आहे. २००४ साली पेंटियम फोर ३.८ पर्यंत पोचला होता, आणि २००६ मध्ये आलेल्या कोअर टू ड्युओने त्याहून कितीतरी कमी वेगात त्याला मागे टाकलं.

वीज (९५ वॉटविरुद्ध ६०), वॉरंटी, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत २६०० नसणं, हे मुद्दे मी फक्त सांगून ठेवले. निकाल आधीच लागला होता.

पण दुसरी तक्रार तशीच उभी होती. काका म्हणाले, "आता मशीन पण सुरळीत चालेल." मी म्हटलं, नाही चालणार. आधी शॉपमध्ये जाऊया.

व्हीएमसीचा कंट्रोल जुना, मेमरी तुटपुंजी. मोठा प्रोग्रॅम त्यात मावत नाही, म्हणून आरएस-२३२ च्या जुन्या पद्धतीच्या सिरियल केबलने ड्रिप फीड करायचा, म्हणजे कटिंग चालू असताना कॉम्प्युटर ओळीमागून ओळ पाठवत राहतो. वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट. एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. फिनिशिंगची एक ओळ साधारण २४ अक्षरांची, म्हणजे सेकंदाला ४० ओळी. एका ओळीत टूल ०.१ मिमी सरकतो. हिशेब केला तर मिनिटाला २४० मिमी. प्रोग्रॅममध्ये फीड, म्हणजे टूल सरकायचा वेग, लिहिलेला १२००. मशीन ओळीची वाट बघत थांबायचं आणि लोक त्याला कॉम्प्युटर स्लो म्हणायचे. या केबलच्या मागे जगातला सर्वांत नवा प्रोसेसर जोडला तरी फीड २४० च्या वर जाणार नाही.

ऑपरेटर बैलहोंगलकडचा. त्याला कंट्रोलवर बॉड रेट १९२०० करायला सांगितला, तेव्हा त्याने एकदा मालकांकडे बघितलं आणि "नोडोण री" (बघूया की) म्हणून बदलला. कॉम्प्युटरवरही तेवढाच केला. फीड दुप्पट झाला, पण पुरेसा नाही.

उरलेलं काम मुलीने केलं, आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. वाळूच्या साच्याच्या पॅटर्नला ०.०३ मिमीचा फरक चालतो, तर टॉलरन्स, म्हणजे टूलपाथमध्ये चालवून घ्यायचा फरक, ०.०१ कशाला, असं तिनेच विचारलं. टॉलरन्स सैल केला की जिथे पृष्ठभाग सपाट तिथे ओळी लांब होतात, संख्या घटते. ही कल्पना तिला आधीही सुचली होती, पण कोअर टू ड्युओवर एकेक पर्याय काढायला दीड तास, आणि जॉब अडलेला. कोण काढून बघणार? आता आय थ्रीवर तिने जेवायच्या आत वेगवेगळ्या टॉलरन्सने टूलपाथ काढून ताडून बघितले आणि प्रोग्रॅम निम्म्याहून लहान करून आणला. मशीन न थांबता चाललं.

आय सेव्हन परत पाठवलं. आय थ्री ऑफिसात राहिला. कोअर टू ड्युओ काढून टाकायला काका निघाले होते, तो मी मशीनपाशीच ठेवायला लावला. त्याच्या मागे खरा सिरियल पोर्ट, म्हणजे त्या आरएस-२३२ केबलची जागा, आहे. नव्या बोर्डावर तो बाहेर दिलेलाच नाही, आणि यूएसबीचा कन्व्हर्टर तासभराच्या ड्रिप फीडमध्ये मधेच सुटला तर जॉब हातचा जातो. त्याच्यावर विंडोज ७ आहे, अपडेट जानेवारी २०२० पासून बंद, म्हणून नेटची वायर काढली. पंख्यातली धूळ झाडली, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बदलली. सेकंदाला १९२० अक्षरं पाठवायला तो पुरून उरतो.