नात्यातली साधना आणि ‘उपेक्षा’ या शब्दाचा घोटाळा : माझा अनुभव

दीर्घ सहवासात साधना नेमकी कुठे लावायची, ती जागा मला बुद्धाच्या प्रतीत्यसमुत्पादात, म्हणजे दुःख कशातून कसं उपजतं त्या कारणसाखळीत, मिळाली. तिच्यातल्या चार कड्या : स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान. जोडीदाराचा चढा सूर कानावर पडतो तो स्पर्श. छातीत आवळतं ती वेदना (धम्मात वेदना म्हणजे फक्त दुखणं नव्हे, कोणतीही संवेदना). उलट टोला हाणावासा वाटतो ती तृष्णा आणि ‘दर वेळी मलाच दोष’ हे धरून बसणं म्हणजे उपादान. ही साखळी पकडायची ती वेदनेपाशी. तीन श्वास घ्यायचे, आवळ अंगात कुठे आहे ते पाहायचं, मगच तोंड उघडायचं. ऐन भांडणात हे पहिल्यांदा करून पाहिलं तर साधत नाही. त्यासाठी रोजची २० मिनिटं आनापानसती, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान, हवीच.

बोलण्याच्या पाच कसोट्या अंगुत्तरनिकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, आहेत : योग्य वेळी, खरं, मृदू, हिताचं, मैत्रीचित्ताने. आपण ‘खरं’ला चिकटतो, पण माझ्या मते सगळ्यात जास्त चुकते ती वेळ. भुकेल्या किंवा झोपाळलेल्या माणसाशी हिशोब मांडू नये. विषय पुढे ढकलताना मात्र वेळ ठरवावी, ‘रात्री ९ वाजता बोलू’. नाहीतर ती टाळाटाळ ठरते.

मैत्रीभावनेत, म्हणजे एकेका व्यक्तीसाठी मनात सद्भाव जागवण्याच्या ध्यानात, जोडीदारापासून सुरुवात करू नका. आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या ग्रंथात पहिला क्रम स्वतःचा, मग आदरणीय व्यक्ती, मग प्रिय, तटस्थ, शेवटी वैरी. आसक्ती मैत्रीची जवळची शत्रू आहे, दिसते अगदी तिच्यासारखीच. रागाच्या दिवशी जोडीदार सरळ ‘वैरी’च्या जागी घ्यावा. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

सगळ्यात मोठी चूक उपेक्षेची. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, धम्मात मनाचा समतोल, समता. बेफिकिरी हीच तिची जवळची शत्रू. अबोला धरून ‘मी समतेत आहे’ म्हणणं म्हणजे जोडीदाराला एकटं टाकणं. ओळखायची खूण सोपी आहे : समोरचं रडलं तर आत करुणा हलते का? हलत नसेल तर ती समता नाही. आणि मारहाण, धमक्या सोसणं ही खंती (धम्मातली सहनशीलता) नव्हे. तिथे आधी सुरक्षित जागी जावं.

‘ही तुझी आसक्ती’ असं जोडीदाराला सुनवणंही बंद करावं. सिगालोवाद सुत्तात, म्हणजे बुद्धाने सिगाल नावाच्या गृहस्थाला केलेल्या उपदेशात, नवरा-बायकोची पाच-पाच कर्तव्यं आहेत. आठवड्यातून एकदा वाचावीत, पण फक्त आपल्या वाट्याची.