टाउबरकाठची दोन माणसांची दिंडी

बाबांची यंदाची वारी चुकली ती आमच्यामुळे. आम्हाला मुलगा झाला, म्हणून आई-बाबा जर्मनीत, न्यूर्नबर्गला आले. आणि दरवर्षी आळंदीहून पायी निघणारा माणूस आमच्या बाल्कनीत बसून मोबाइलवर रिंगण बघू लागला. मला ते बघवेना. "बाबा, इथेही चालत जायची देवळं आहेत. येता?" त्यांनी एवढंच विचारलं, "किती कोस?"

आषाढी रविवारी होती. शनिवारीच रोथेनबुर्गला जाऊन मुक्काम केला. टाउबर नदीच्या वर कड्यावर वसलेलं, तटबंदीतलं हे जुनं गाव. लाकडी चौकटींची घरं, खिडक्यांत लाल फुलं आणि दर दहा पावलांवर फोटो काढणारं कुणीतरी. खरं सांगायचं तर गाव मला जरा जास्तच नटवलेलं वाटतं. ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पूर्वेकडचा बराच भाग पडला आणि मागाहून पुन्हा उभारला. तटाच्या भिंतीत देणगीदारांच्या नावांचे दगड बसवलेत, त्यांत जपानी नावंही आहेत. बाबा अर्धा तास एखादा कुलकर्णी नाहीतर पाटील शोधत होते. सापडला नाही.

सेंट याकोबचं चर्च मात्र खरं यात्रेचं ठिकाण. १३११ मध्ये काम सुरू झालं, ते १४८५ पर्यंत चाललं. त्याच्या पश्चिम टोकाखालून चक्क गल्ली जाते. स्पेनमधल्या सांतियागोला पायी निघालेले यात्रेकरू इथे थांबत. त्या वाटेची खूण, निळ्यावर पिवळा शिंपला, आजही गावात दिसते. वरच्या सज्जात शिल्पकार टिलमन रीमेनश्नायडरने १५०० नंतरच्या चार-पाच वर्षांत कोरलेली लाकडी वेदी आहे. वर स्फटिकाच्या कुपीत येशूच्या रक्ताचा थेंब असल्याची श्रद्धा. खाली येशूचं शिष्यांसोबतचं शेवटचं भोजन, पण मधोमध उभा आहे तो त्याला पकडून देणारा जूडास. येशू बाजूला. बाबा बराच वेळ बघत राहिले. "फितूर मधे कसा रे?" मला उत्तर सुचलं नाही.

एकादशीला सकाळी सहाला क्रेग्लिंगन गावाकडे निघालो. किल्ल्याच्या बागेतून बाहेर पडलो. १३५६ च्या भूकंपात किल्ला पडला, आता तिथे झाडं आहेत. बागेत १२९८ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मरणाचा दगडही आहे. तिथून उतरण. खाली नदीकाठी महापौर टोपलरचं १३८८ चं घर: दगडी बुरूज आणि त्यावर, बसवायला जागा नाही म्हणून ठेवल्यासारखं, एक अख्खं घर. हा टोपलर १४०८ मध्ये गावच्याच तुरुंगात मेला. मागे वळून वर बघितलं, तेव्हा कुठे मला रोथेनबुर्ग आवडलं. गाव बघावं ते नदीकाठून, आणि तेही बस यायच्या आधी.

पुढे डेटवांग. रोथेनबुर्गहून जुनी वस्ती, छोटं दगडी चर्च. आत रीमेनश्नायडरची दुसरी वेदी. मूळची ती रोथेनबुर्गमधल्या एका चर्चची. इथे बसेना म्हणून कडा कापून अरुंद केली. "म्हणजे देवालाही माप लागतं," बाबा म्हणाले.

मग फक्त नदी. बेटवार, टाउबरशेकेनबाख, टाउबरत्सेल. गावं छोटी, नावं लांब. टाउबरत्सेलला उतारावर द्राक्षमळे. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, त्यामुळे आमचा उपास आपोआप कडक झाला: राजगिऱ्याचे लाडू आणि पाण्याच्या दोन बाटल्या. दुसरी बाटली आर्चशोफेनच्या अलीकडेच संपली, कारण मी मूर्खासारखं एक निम्मीच भरली होती. एका अंगणातल्या आजींनी नळ दाखवला. वाटेत जो भेटेल तो म्हणे, "ग्रुस गॉट." अर्थ विचारल्यावर मी सांगितलं, देवाचं नाव घेऊन केलेला नमस्कार. मग बाबा प्रत्येक सायकलवाल्याला ठणठणीत "रामराम" घालू लागले. टाळ नव्हते, पताका नव्हती. पण पाऊल तेच, ठरावीक, न थांबणारं. माझेच पाय दुखत होते.

क्रेग्लिंगनला अकराच्या सुमारास पोचलो. तिथून दीडेक किलोमीटरवर, शेतांच्या खोऱ्यात, हेरगॉट्सकिर्शे. १३८४ मध्ये एका शेतकऱ्याला नांगरताना मिस्सेतली (चर्चमधल्या उपासनेतली) पवित्र भाकर अखंड सापडली, तिथेच हे देऊळ बांधलं, अशी कथा. "आपल्याकडेही नांगराच्या फाळालाच देव लागतात," बाबा म्हणाले आणि दाराशी बूट काढले. तिकीट देणाऱ्या बाईंनी मोज्यांकडे पाहिलं, बोलल्या काही नाहीत.

आत रीमेनश्नायडरचीच मरियमची वेदी. नऊ मीटरहून उंच, लिंडनच्या लाकडात कोरलेली, रंग नाही. मरियम देवदूतांच्या हातांवर वर चाललीये आणि खाली प्रेषितांची तोंडं, कुणाचा विश्वास बसलेला, कुणाचा नाही. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर हिची दारं लावून ठेवली, ती १८३२ पर्यंत. तीन शतकं कुणी पाहिली नाही, म्हणूनच बहुधा शाबूत राहिली. रीमेनश्नायडर वुर्झबुर्गचा महापौरही होता. १५२५ च्या शेतकरी उठावात त्याने शेतकऱ्यांची बाजू घेतली, म्हणून तुरुंग आणि छळ सोसला.

"हातांच्या शिरा बघ," बाबा कुजबुजले. मग बाकावर बसून हलक्या आवाजात हरिपाठ म्हणाले. मीही थांबलो.

समोरच अंगुस्तानांचं संग्रहालय आहे, शिवताना बोटात घालायच्या टोप्यांचं. एवढ्या वेदीसमोर ते काय, असं मला वाटलं. बाबा मात्र आत शिरले. आई नातवासाठी गोधडी शिवतेय आणि तिचं अंगुस्तान साताऱ्यालाच राहिलंय, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी पितळेचं एक घेतलं, बोटात घालून बघितलं. "तिच्या बोटाला मोठं होईल का रे?"