कितवा नंबर आला?

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते आणि सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका विचारतात, "काय वहिनी, कितवा नंबर आला?" बँकेत तोच प्रश्न जरा इस्त्री करून येतो: "टायमिंग किती?" दूधवाला विचारतो, नणंद पुण्याहून फोन करून विचारते. "मागून मोजा, लवकर सापडेन," असं म्हणून मी आजवर वेळ मारून नेली. यंदा मात्र काकांनी पुढचं विचारलं. "नंबर येणार नाही हे ठाऊक असतं ना? मग पैसे भरून, पहाटे तीनला उठून जायचं कशाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, काका. लिफ्टमध्ये मावणारं नव्हतं.

मी हाफ मॅरेथॉन धावते, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडे मीटर. मला साधारण तीन तास लागतात, कधी पाच-दहा मिनिटं जास्तच. किलोमीटरला साडेआठ-नऊ मिनिटं पडतात. याच मुंबईत २०२३ साली इथिओपियाच्या हायले लेमीनं याच्या दुप्पट अंतर, पूर्ण ४२ किलोमीटर, २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत संपवलं. किलोमीटरला तीन मिनिटं. आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत मी त्या वेगानं गेले तर उरलेला दिवस झोपून काढावा लागेल.

पण घड्याळाच्या मागे मीही एकदा लागले होते. दुसऱ्या वर्षी धावण्याच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी डोक्यात भरवलं की अडीच तासांच्या आत यायचंच. चार महिने डोंबिवलीत फडके रोडवर फुलवाल्यांची पोती उतरायच्या आधी जाऊन पळाले. रेसच्या दिवशी दर किलोमीटरला मनगट वर. पेडर रोडचा चढ आला, तेव्हा मी ठरवल्यापेक्षा चाळीस सेकंद मागे होते. डाव्या कडेला एक आजी उभ्या होत्या, पांढरी साडी, वर मरून स्वेटर. हातात स्टीलचं ताट, त्यात संत्र्याच्या सोललेल्या फोडी आणि कोपऱ्यात चिमूटभर मीठ. मला फोड नको होती, मला वाट हवी होती. एकाला ओलांडताना माझं कोपर त्या ताटाला लागलं. ताट रस्त्यावर पडलं तो खणखणाट अजून कानात आहे. फोडी सगळ्या पायांखाली. मी मान वळवली, "सॉरी" म्हटलं आणि घड्याळ बघितलं.

हो, घड्याळच बघितलं.

त्या दिवशी २ तास ३१ मिनिटं लागली. एका मिनिटानं हुकलं म्हणून मी घरी येऊन चिडचिड केली. रात्री नवऱ्यानं विचारलं, "सी लिंकवर कसं वाटलं गं?" आणि मला काही आठवेना. साडेपाच किलोमीटरच्या पुलावरून मी पायी गेले होते, आणि डोळ्यांसमोर नुसते हिरवे आकडे. संत्र्याचं ताट तेवढं आठवत होतं.

सी लिंकचं सांगते, कारण पैसे कशाचे भरते त्याचं अर्धं उत्तर तिथं आहे. एरवी त्या पुलावर चालणाऱ्याला मज्जाव, स्कूटरलासुद्धा. टॅक्सीतून गेलात तर चार-पाच मिनिटांत संपतो. आमची हाफ माहीमहून अंधारातच सुटते. मी आदल्या रात्री माटुंग्याला बहिणीकडे मुक्कामाला असते, केळं आणि चहा घेऊन निघते. पुलावर चढलं की ढोल-ताशे, लाऊडस्पीकर, "कम ऑन मुंबई" सगळं मागे राहतं. मग हजारो बुटांची टपटप, आणि खालून खाडीचा खारट, थोडा सुक्या मासळीचा वास. डोक्यावर त्या जाड तारा. माणसं आपोआप हळू बोलायला लागतात, देवळाच्या गाभाऱ्यात बोलावं तशी. मी तिथे मुद्दाम चालते. कठड्याशी जाऊन दोन मिनिटं थांबते. वेळ मोजणाऱ्या माझ्या चिपला त्याचं वाईट वाटत असेल, तर वाटो.

आणि हळू धावणं म्हणजे फुकटात मिळालेलं सुख असं कुणी समजू नये. तीन तास पायांवर राहायचं म्हणजे शरीर जास्त वेळ झिजतं. मांड्या घासून सोलतात, त्यांना व्हॅसलीन थापावं लागतं. अंगठ्याचं नख काळं पडतं. माझं उजवं आत्तापर्यंत दोनदा गळून आलंय. सरावाला दर रविवारी डोंबिवलीतले खड्डे असतातच. सरावात माझा नियम एकच: शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की चालायचं. थोडं धावणं, थोडं चालणं, पुन्हा धावणं ही पद्धत ज्यानं लोकप्रिय केली तो जेफ गॅलोवे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेला माणूस. त्याला चालायची लाज वाटली नाही, मला कशाला वाटेल?

माझ्या लहानपणी आजी म्हणायची, पोरींनी दोरीच्या उड्या मारू नयेत, पोटातलं जागेवरून सरकतं. ती एकटीच असं म्हणत नव्हती. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, तर ते त्यांना झेपत नाही असं ठरवून ती शर्यत पार १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली १९८४ साली. तेव्हा मी पाचवीत होते आणि गॅदरिंगच्या धावण्यात बघ्यांच्या रांगेत. त्यामुळे पन्नाशीच्या बाईनं रस्त्याच्या मधोमध, ट्रॅफिक अडवून, पोलिसांच्या देखत धावायचं, यातच मला इतकी मजा येते की वेगाची फोडणी नसली तरी चालते.

रस्त्यावरच्या लोकांचं तर विचारूच नका. बिबवर, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदावर, नाव छापलेलं असतं, पण मला सगळे काकूच म्हणतात. "काकू, भारी!" "काकू, थोडंच राहिलं!" हे "थोडंच राहिलं" मी वरळीला ऐकते, हाजी अलीला ऐकते, चौपाटीला ऐकते. मुंबईकर एवढं एकमतानं खोटं दुसऱ्या कशावर बोलत नसतील. एक वर्ष वरळी सी फेसला एक छोटी मुलगी टाळी द्यायला हात पुढे करून उभी होती आणि लोक नुसतेच पुढे जात होते. मी वळून परत गेले आणि टाळी दिली. परत जाणं हे वेगवान माणसाला परवडत नाही.

साडेसातच्या सुमारास मी मरीन ड्राइव्हला असते. तेव्हा समोरून, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं पूर्ण मॅरेथॉनचे ते खरे धावपटू येतात. पुढे गाडी, मागे सात-आठ जणांचा घोळका. पाय जमिनीला लागल्याचा आवाजसुद्धा येत नाही. दहा सेकंदांत गेले. आमच्या बाजूचे सगळे थांबून टाळ्या वाजवतात. क्रिकेटमध्ये असं होतं का, काका? सचिनची बॅटिंग चालू असताना त्याच मैदानात बाजूला मला खेळू देतील?

पेडर रोडला मी दरवर्षी डाव्या कडेनं जाते. त्या आजी पुन्हा दिसल्या नाहीत. ताट पडलं त्याच्या पुढच्या वर्षी मी खिशात संत्रं घेऊन गेले होते, काय करणार होते कोण जाणे. आता तिथे कुणाच्याही हातात ताट दिसलं, की मी थांबते. चिक्की असो, बिस्कीट असो, घेते. पूर्ण चावून खाते, "थँक यू" म्हणते, मग निघते.

राहिला नंबर. वेबसाइटवर तो असतो, मी बघत नव्हते. यंदा लेकीनं शोधून काढला आणि मोठ्यानं वाचला. पाच आकडी आहे. मी तोच काकांना लिफ्टमध्ये सांगितला. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याही मागे माणसं होती?"

होती की. एक तर अगदी माझ्या पाठीमागे होते, चर्चगेटपासून. सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ, गुडघ्याला पट्टा. "पोरी, तू हो पुढे," म्हणाले. मी म्हटलं, मला कुठे घाई आहे? मग सीएसएमटीपर्यंत ते मला त्यांच्या गिरणीतल्या दिवसांबद्दल सांगत होते. रेषा आली तेव्हा त्यांची गोष्ट अर्धीच झाली होती, म्हणून मेडल घ्यायच्या रांगेत पुढची ऐकली.