गुणपत्रकातली खाडाखोड

शाळेच्या खो-खो संघाबरोबर मी तीन वर्षं हिंडलो, पण पाटीवर एकदाही बसलो नाही. आठवीत निवड चाचणीच्या वेळी पीटीच्या सरांनी माझं धावणं दोन मिनिटं पाहिलं आणि हातात पॅड-पेन्सिल ठेवली. "अक्षर बरं आहे तुझं. तू गुण लिही." झालं, दहावीपर्यंत मी गुणलेखक.

शाळेच्या जयंतीच्या स्मरणिकेसाठी खेळाच्या आठवणी लिहा, असा फोन आला तेव्हा मला आधी आठवला रॉजर फेडरर. स्वित्झर्लंडच्या टेनिसपटूचा आपल्या शाळेच्या मागच्या पटांगणाशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आकड्यांचा आहे, आणि ते वेड मला इथंच लागलं.

जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात फेडररनं भाषण केलं. एकेरीचे १५२६ सामने खेळलो, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकलो, असं सांगून त्यानं मुलांना विचारलं, मग गुण किती टक्के जिंकले असतील? उत्तर होतं ५४. मी व्हिडिओ थांबवला आणि सवयीनं कागद ओढला. १२५१ विजय, २७५ पराभव. म्हणजे ८२ टक्के होतात की! स्वतःचे दोन टक्के कमी सांगणारा माणूस मला तिथंच आवडला. पण ते ५४ काही पचेना. शंभरातले ४६ गुण घालवून हा २० ग्रँड स्लॅम जिंकला?

खो-खोत असं चालत नाही. गडी बाद केला की गुण, शेवटी बेरीज, ज्याची जास्त तो जिंकला. टेनिसमध्ये एकूण बेरजेला कोणी विचारत नाही. गुणांचा गेम, गेमांचा सेट, आणि सेट संपला की उरलेली शिल्लक बुडीत खाती. ६-१ नं घ्या नाहीतर ७-६ नं, पदरात सेट एकच पडतो.

१४ जुलै २०१९ ची रात्र आठवते? लंडनमध्ये एकाच वेळी दोन अंतिम सामने. मुलगा टीव्हीवर लॉर्ड्सचा विश्वचषक बघत होता, मी मोबाइलवर विम्बल्डन, फेडरर विरुद्ध नोव्हाक जोकोविच. पाचव्या सेटमध्ये ८-७, सर्व्हिस फेडररची, ४०-१५. दोन गुणांपैकी एक मिळाला असता तरी विजेतेपद होतं. दोन्ही गेले, आणि शेवटी जोकोविच १३-१२ नं जिंकला. सामन्यातले तिन्ही टायब्रेक, म्हणजे सेट बरोबरीत अडला की खेळायचे निर्णायक गेम, त्याचे. नंतर आकडे पाहिले तर फेडररचे गुण २१८, जोकोविचचे २०४. फेडररनं एक सेट ६-१ असा मारला होता, जादा गुणांतले बरेचसे तिथले. इकडे लॉर्ड्सवर सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि चौकार-षटकार मोजून इंग्लंडला चषक दिला. मध्यरात्री आम्ही बापलेक दोघंही गुणांच्या नियमांवर तणतणत बसलो होतो.

भाषणात तो २००८ च्या विम्बल्डनबद्दल बोलतो, ते मात्र मला फार जवळचं वाटलं. तो म्हणतो, ती अंतिम लढत मी पहिल्याच गुणाला हरलो. काही आठवड्यांपूर्वी पॅरिसला, फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात, नदालनं त्याला ६-१, ६-३, ६-० असं धुतलं होतं, आणि जाळीपलीकडे तोच उभा. आपण इथले सलग पाच वेळचे विजेते आहोत हे आठवायला तिसरा सेट उजाडला. तोवर दोन गेले होते. पाचव्यात ९-७ नं हरला. पुढच्या वर्षी पॅरिस आणि विम्बल्डन दोन्ही जिंकला, ती गोष्ट वेगळी. गुण खेळत असताना तोच सर्वस्व, संपला की संपला, हे त्याचं म्हणणं. तरुणपणी हाच रॅकेट आपटायचा, हेही ध्यानात ठेवावं.

माझा पॅरिसचा सामना झाला नववीत, १९८४ च्या डिसेंबरात, तालुक्याच्या अंतिम लढतीत. आपलं संरक्षण चालू होतं. दुसऱ्या तुकडीतला गडी बाद झाला आणि मी नोंद भलत्याच नावापुढे केली. चूक कळली तसा खोडरबर घेऊन घासत बसलो. कागद दवानं ओलसर, तो फाटला. मी त्या भोकाकडे बघतोय तेवढ्यात आणखी दोन गडी बाद. कोण, कधी, काही पाहिलं नाही. शेवटी शेजारी बसलेल्या समोरच्या शाळेच्या गुणलेखकाच्या कागदावरून उतरवून घेतलं. लाजेनं कान तापले. सर मागेच उभे होते. "अरे, गेलेला गडी गेला. खोडू नकोस, रेघ मार आणि समोर बघ."

आपण १५-१६ असे हरलो. एसटीत पोरं मुसमुसत होती. सरांनी सगळ्यांना भेळ दिली आणि मला गुणपत्रक मोठ्यानं वाचायला लावलं, नावं आणि वेळ. सगळ्यात जास्त रडणारा गडी साडेचार मिनिटं धावला होता, आणि ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. त्यानं मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग भेळ खाल्ली.

ते पान माझ्याकडे राहिलं होतं. जयंतीच्या प्रदर्शनासाठी ते शाळेच्या हवाली करतो आहे. भोक तसंच आहे, आणि त्या दोन गड्यांची वेळ उसनवारीची आहे. बेरीज बरोबर आहे; गेल्या आठवड्यात पुन्हा तपासली.