हन् धातू: घ सुटला, ‘हत’ अडला

मागच्या वेळी संस्कृतातल्या ‘मारणे’ अर्थाच्या हन्‌ची रूपं दोन ढिगांत लावून ठेवली होती. हन्ति, हन्तुम्, हत एकीकडे; घ्नन्ति, घात, जघान, शत्रुघ्न दुसरीकडे. हा घ कुठून उपटतो ते अखेर सुटलं, आणि लगेच ‘हत’ आडवा आला.

आधी सुटलेलं सांगतो. धातूचं मूळ व्यंजन घ-सारखं कंठ्य. त्याच्यापुढे संस्कृताआधीच्या पूर्वज भाषेतला जुना ऱ्हस्व ‘ए’ होता तिथे ते तालव्य (ज-झ सारखं) होऊन शेवटी ह झालं. थेट न् किंवा जुना ‘ओ’ होता तिथे घ टिकला. पुढे संस्कृतात हे ए-ओ दोन्ही ‘अ’ झाले, म्हणून कारण दिसेनासं झालं. हित्तीमध्ये, म्हणजे संस्कृताच्या एका प्राचीन नातलग भाषेत, कुएन्त्सि म्हणजे ‘मारतो’, कुनन्त्सि म्हणजे ‘मारतात’. हन्ति-घ्नन्तिच्या शेजारी ठेवून बघाच! आणि जघानमध्ये तर दोन्ही एकत्र: द्वित्वातला (सुरुवातीला दुहेरी झालेल्या अक्षरातला) ज ‘ए’मुळे, धातूतला घ ‘ओ’मुळे. या एका रूपावर मी जाम खूश आहे.

आता हत. इथे ‘ए’ कधी नव्हताच. स्वरासारखा वागणारा न् होता, त्याचाच अ झाला. म्हणजे हिशोबाने ‘घत’ हवं. पाणिनीला काहीच अडत नाही: ‘हो हन्तेर्ञ्णिन्नेषु’ (७.३.५४) हा नियम ञित्-णित् (ञ् किंवा ण् ही खूण लावलेला) प्रत्यय किंवा लगेच न् आला तरच ह-चा घ करतो, आणि हतमध्ये यातलं काहीच नाही. पंचाईत फक्त इतिहास शोधणाऱ्यांची.

व्हिटनी या संस्कृत अभ्यासकाची धातुयादी (१८८५) उघडली. कुठलं रूप कुठल्या काळातलं हे बघायला मोनिअर-विल्यम्सच्या कोशापेक्षा तीच सोयीची. छापील पुनर्मुद्रण मात्र घेऊ नका. माझ्या प्रतीत बारीक खुणा शाईत बुडाल्यात, त्यापेक्षा स्कॅन बरा. पण ती यादी संस्कृतापुरती, आणि इथे गरज बाहेरच्या साक्षीची. ती अवेस्तात, म्हणजे पारशी धर्मग्रंथांच्या जुन्या इराणी भाषेत, मिळाली: तिथे ‘मारलेला’ म्हणजे ‘जत’. तिथेही घ नाही, तालव्यच. म्हणजे हन्ति-गटाने हतला आपल्याकडे ओढलं, आणि बहुधा संस्कृत-इराणी शाखा वेगळ्या होण्याआधीच. ‘जहि’मधला ज-सुद्धा असाच आलेला दिसतो.

यानंतर धातुपाठातल्या (अर्थांसह धातूंच्या यादीतल्या) ‘हन हिंसागत्योः’ (हन् म्हणजे हिंसा आणि गती) यातल्या ‘गती’कडे वळणार होतो. पण लिहिता लिहिताच गम् (जाणे-येणे) डोक्यात आला, आणि तिथे नेमका उलटा खेळ! अवेस्तात ‘येवो’साठी जन्तू, नियमाप्रमाणे ज; वेदात मात्र गन्तु. हन्‌मध्ये तालव्याने बाजी मारली, गम्‌मध्ये गत वगैरेंच्या कंठ्याने. तेव्हा ‘गती’ थांबेल, आधी गम्. शिवाय जिगाय (जि, ‘जिंकणे’) आणि चिकाय (चि, ‘गोळा करणे’) यांचे नियम पाणिनीने ७.३.५७-५८ मध्ये, हन्‌च्या अगदी शेजारीच ठेवलेत. जि आणि चि पण गम् सोबत एकाच तक्त्यात घालतो. कुणाकडे जि-ची अवेस्तातली रूपं लावून ठेवलेली असतील तर टाका इथे.