आमची वाटचाल: जेडी लिहिणाऱ्यांची फर्म

जेडी (जॉब डिस्क्रिप्शन), म्हणजे पदावरच्या माणसानं काय काम करायचं याचं वर्णन, लिहून देण्यावर फर्म चालते, हे सुरुवातीला घरच्यांनाही पटत नव्हतं. मी, माझा भागीदार, एक जुना संगणक आणि छापून बांधून घेतलेली इस्को-०८ची, म्हणजे आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) व्यवसाय-वर्गीकरणाची प्रत, एवढंच भांडवल. दहा मुख्य गट, तळाशी ४३६ युनिट ग्रुप, म्हणजे व्यवसायांचे सगळ्यात लहान गट, प्रत्येकाला चार अंकी कोड. भागीदाराला निम्मे कोड तोंडपाठ. ग्राहकाकडे गेला की पदनाम विचारायचाच नाही. ‘हा माणूस आल्या आल्या काय हातात घेतो?’ इथून सुरुवात.

मग तो आला. नाव घेत नाही. तयार साचे विकायचा: पदनाम टाका, दोन पानं बाहेर. भाव आमच्या निम्म्याहून कमी. ग्राहक एकेक करून गळाले, भागीदारानं स्वतःचा पगार सोडला, फर्म बंद करायचा कागदही तयार झाला होता. तेव्हा टिकल्या त्या एक कारखानदार बाई. त्यांना त्यानं नमुना म्हणून ‘स्टोअर मॅनेजर’ची जेडी फुकट दिली होती. धोरण ठरवणे, बजेट आखणे, पुरवठादारांशी करार. सगळी भाषा १३२४ची, म्हणजे पुरवठा-वितरण व्यवस्थापकाची. बाई म्हणाल्या, “अहो, हे आमच्याकडे करतं कोण?” त्यांचा माणूस आवक-जावक नोंदवायचा, साठा मोजायचा, चलनं जुळवायचा. म्हणजे ४३२१, स्टॉक क्लार्क. कौशल्य पातळी चार (सगळ्यात वरची) नव्हे, दोन! त्या जेडीवर माणूस घेतला असता तर महिन्यात पळाला असता. बाईंनी सगळ्या कारखान्याच्या जेडी आमच्याकडूनच करून घेतल्या, त्यावर आम्ही तरलो. पुढची वर्षं बरी गेली.

विचारलं नाहीत तरी सांगतो. कोड सापडला म्हणून त्याखालची कामांची यादी जशीच्या तशी उतरवू नका. ती आयएलओनं देशोदेशीची आकडेवारी जुळावी म्हणून केलीय. तुमच्या माणसाचा साहेब कोण, सही कशावर चालते, हे तिच्यात नाही. करत नाही ते खोडा, करतो ते लिहा. पातळी कामाची असते, पदवीची नाही: पदवीधर माल चढवत-उतरवत असेल तर कोड ९३३३च. आणि ‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’ ही ओळ निम्मी जेडी खाते, तिला थारा देऊ नका.

हल्ली तो साचेवालाही साच्याच्या कोपऱ्यात कोड छापतो. परवा एक हाती आला. पदनाम अकाउंट्स मॅनेजर, कोड २४११, म्हणजे लेखापालाचा, आणि खाली व्हाउचर नोंदवणं, बेरजा तपासणं. सरळसरळ ४३११, हिशेबाचा कारकून!